इंजिनांच्या मुलुखात

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या सायन्स म्युझियममध्ये तिसऱ्या मजल्यावर विमानांचे दालन आहे. विमाने छताला टांगलेली असल्यामुळे तिथे शिरणारा प्रत्येक जण मान वर करूनच चालतो. मी मात्र खाली, जमिनीवर मांडलेल्या इंजिनांपाशी जास्त रेंगाळले. या प्रवासाला निघताना ठरवलेच होते की विमानांपेक्षा इंजिने पाहायची. विमानाचा इतिहास आपण पंखांच्या आणि वैमानिकांच्या अंगाने सांगतो. पण किती उंच, किती लांब आणि किती वजन घेऊन जायचे हे प्रत्येक काळात इंजिनानेच ठरवले आहे.

अगदी पहिल्या उड्डाणातही हेच दिसते. राइट बंधूंचा पंखांचा अभ्यास पुरा झाला, तरी त्यांना हवे तेवढे हलके इंजिन कोणी करून देईना. शेवटी त्यांच्या सायकलच्या दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत ते हाताने घडवले. ते चार सिलिंडरचे होते, ताकद जेमतेम १२ अश्वशक्ती, आणि वजन वाचावे म्हणून त्याचे मुख्य कवच ॲल्युमिनियमचे ओतले होते. १९०३चे ते मूळ विमान १९२८ ते १९४८ अशी वीस वर्षे याच सायन्स म्युझियममध्ये होते, कारण अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेशी ऑरव्हिल राइट यांचा श्रेयावरून वाद चालू होता. आता इथे त्याची प्रतिकृती आहे.

पहिल्या दहा-पंधरा वर्षांतली इंजिने पाहताना सगळ्यांत नवल वाटते ते फिरत्या इंजिनांचे. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी १९०८-०९च्या सुमारास ‘नोम’ नावाचे इंजिन बाजारात आणले. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला असतो आणि पंख्यासकट सगळे सिलिंडर त्याच्याभोवती गरगर फिरतात. फिरल्यामुळे त्यांना आपोआप वारा लागतो, म्हणजे थंड ठेवायला पाणी नको आणि रेडिएटरचे वजनही नको. वंगणासाठी एरंडेल वापरायचे, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ते तेल एकदा वापरले की बाहेर फेकले जाई आणि सगळे वैमानिकाच्या अंगावर उडे. एवढे वजनदार चक्र नाकाशी फिरत असल्यामुळे विमान एका बाजूला चटकन वळे आणि दुसऱ्या बाजूला अडून बसे. पहिल्या महायुद्धातली कितीतरी लढाऊ विमाने असल्याच इंजिनांवर उडाली. काचेपलीकडे ते चकचकीत आणि स्थिर उभे असताना यातले काहीच कळत नाही. फिरणे हाच ज्याचा धर्म, त्याला थांबवून ठेवले की त्याच्यातले नेमके काय जपले गेले, हा प्रश्न मला इथेच पडला. पुढच्या सगळ्या प्रवासात तो सोबत होता.

याच दालनात ‘व्हिकर्स व्हिमी’ हे अवाढव्य द्विपंखी विमान आहे. जून १९१९मध्ये जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राउन यांनी याच विमानातून न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत अटलांटिक महासागर कुठेही न थांबता ओलांडला. सोळा तासांना थोडा कमी वेळ लागला आणि उतरताना विमानाचे नाक दलदलीत रुतले. पंखांमध्ये बसवलेली दोन्ही इंजिने रोल्स-रॉइसची ‘ईगल’ जातीची, प्रत्येकी बारा सिलिंडरची. त्याच वर्षअखेर रॉस आणि कीथ स्मिथ या ऑस्ट्रेलियन भावांनी तशाच विमानातून आणि तशाच इंजिनांवर इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया प्रवास केला, तो कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता या वाटेने. सोळा तास समुद्रावर एकसारखे चालणे ही त्या काळच्या इंजिनासाठी केवढी मोठी गोष्ट होती! दर काही तासांनी दुरुस्तीला घ्यावे लागणारे यंत्र एव्हाना भरवशाचे होऊ लागले होते.

जवळच एमी जॉन्सनचे ‘जेसन’ हे छोटे हिरवे ‘जिप्सी मॉथ’ विमान आहे. मे १९३०मध्ये ती एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली आणि वाटेत झाशीच्या परेड मैदानावर उतरली. तिच्या विमानातले ‘जिप्सी’ इंजिन हवेने थंड होणारे, चार सिलिंडरचे, समजायला सोपे आणि दुरुस्तीला त्याहून सोपे. या इंजिनाशी आपलेही नाते आहे. त्याच १९३० साली भारत आणि इंग्लंड यांच्यातले अंतर पहिल्यांदा एकट्याने पार करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान पारितोषिक लागले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, तर अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबुकिरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि अस्पीने शर्यत जिंकली. हाच अस्पी पुढे भारताचा हवाईदल प्रमुख झाला. आणि १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानातही जिप्सी घराण्यातलेच इंजिन होते. प्लग काढून दुसऱ्याला द्यावा इतके हे यंत्र माणसाच्या हातातले होते. पुढच्या टप्प्यावर जे पाहायला मिळाले, त्यात हाताचे काम कमी झाले नाही, पण ते कारखान्याच्या भिंतींआड गेले.

सेंट पँक्रस स्थानकावरून डर्बीला दीड तासात पोचता येते. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. स्थानकावरच त्याने सांगून टाकले, “मावशी, आज घरी नंतर जाऊ. आधी नदीकाठची गिरणी बघ.”

डरवेंट नदीच्या काठी जी रेशमाची गिरणी आहे, ती मूळची १७२१ची. जॉन लोंब याने इटलीतून रेशीम पिळण्याच्या यंत्रांची विद्या आणली आणि पाण्याच्या चाकावर शेकडो माणसांचे काम एका छपराखाली चालवले. जगातल्या पहिल्या कारखान्यांत तिची गणना होते. इमारत अनेकदा बदलली, जळाली, पुन्हा उभी राहिली. १९७४मध्ये तिथे उद्योग-संग्रहालय झाले, तेव्हा त्याचा गाभा होता रोल्स-रॉइसच्या विमान-इंजिनांचा संग्रह. २०२१पासून तेच ‘म्युझियम ऑफ मेकिंग’ या नावाने नव्या रूपात उघडले आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

आत पाऊल टाकताच डोक्यावर ‘ट्रेंट १०००’ हे अख्खे इंजिन लटकलेले दिसते. बोइंग ७८७ विमानांवर बसणारे हे इंजिन. पुढच्या पंख्याचा व्यास पावणेतीन मीटरहून जास्त, पाती वीस. भाच्याने मला बरोबर त्याच्या तोंडाखाली उभे केले.

“मावशी, जेट म्हणजे मागून आग ओकणारे यंत्र असे तुला वाटते ना? यातली बहुतेक हवा आगीकडे जातच नाही. पंखा ती बाजूने मागे ढकलतो, आणि खरा रेटा तिचाच. आतली आग आहे ती हा पंखा फिरवायला.”

“मग आत एवढे कठीण काय आहे?”

“आत टर्बाइनची पाती आहेत. त्यांच्यावरून जाणारा वायू त्यांच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो.”

ती वितळत का नाहीत, हे त्याने तळहाताएवढ्या पात्याचे चित्र काढून समजावले. पाते आतून पोकळ असते. त्यातून तुलनेने थंड हवा सोडतात आणि ती बारीक छिद्रांमधून बाहेर येऊन पात्याभोवती पातळ पडदा धरते. शिवाय निकेलच्या मिश्रधातूचे ते अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतलेले असते. धातू साधारणपणे कणाकणांचा बनतो आणि उष्णतेत ताण आला की कणांच्या सांध्यांतून तो हार खातो. सांधेच नसतील तर तो टिकतो. असले पाते मिनिटाला हजारो फेऱ्या घेत वर्षानुवर्षे चालते. मला या माहितीने अक्षरशः खिळवून ठेवले. पुढे चालून गेले तरी मन त्या छिद्रांपाशीच होते.

या संग्रहालयाची मांडणी मला फार आवडली. साधारण ३०,००० वस्तू इथे कोठारात न दडवता कपाटांवर उघड्या ठेवल्या आहेत, आणि त्याही कालक्रमाने नव्हे तर त्या कशाच्या बनल्या आहेत त्यानुसार. धातूच्या वस्तू एकीकडे, लाकडाच्या एकीकडे, मातीच्या एकीकडे. विमानाच्या इंजिनाची गोष्ट मुळात धातूंचीच गोष्ट असल्यामुळे इथे ती जास्त खरी वाटते.

डर्बीत रोल्स-रॉइस आली १९०८मध्ये, नाइटिंगेल रोडवर, मोटारी करायला. महायुद्धाने तिला विमान-इंजिनांकडे वळवले. पिस्टनच्या इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावे देत गेले : ईगल, फाल्कन, केस्ट्रेल, मर्लिन, ग्रिफन. जेट इंजिने आली तशी ती ब्रिटनमधल्या नद्यांची झाली : डरवेंट, नीन, एव्हन, डार्ट, ट्रेंट.

या गावाने इंजिने नुसती पाहिली नाहीत, सोसलीही आहेत. १९३१च्या श्नायडर करंडकाच्या समुद्री विमानांच्या शर्यतीसाठी ‘आर’ नावाच्या इंजिनाची नवी आवृत्ती इथे तयार झाली. सरकारने पैसा द्यायला नकार दिला, तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी एक लाख पौंड दिले. चाचणीसाठी ‘आर’ चालू केले की त्याला वारा घालायला शेजारी केस्ट्रेल इंजिने लावत. तो सगळा गदारोळ गावभर ऐकू जाई. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये या इंजिनाच्या विमानाने ताशी ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. ते इंजिन फार काळ टिकण्यासाठी केलेलेच नव्हते. त्याला तासाभराची शर्यत जिंकायची होती. पण त्यातून जे शिकायला मिळाले ते ‘मर्लिन’च्या कामी आले.

मर्लिनबद्दल युद्धकथांमध्ये खूप लिहिले गेले आहे. मला त्याच्या कारखान्यांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २७ लिटरचे, बारा सिलिंडरचे हे इंजिन सुमारे दीड लाख संख्येने बनले, आणि एकट्या डर्बीत ते शक्य नव्हते. क्रू, ग्लासगो, मँचेस्टरमधला फोर्डचा कारखाना, अमेरिकेतली पॅकार्ड कंपनी असे ते पसरले. स्टॅनली हूकर या रोल्स-रॉइसच्या अभियंत्याने आत्मचरित्रात लिहिले आहे की फोर्डची माणसे नकाशे पाहून म्हणाली, या मापांवर आम्हाला इंजिन करता येणार नाही. हूकरला वाटले, मापे फार काटेकोर असतील. प्रत्यक्षात तक्रार उलटी होती. डर्बीत मापे सैल होती, कारण तिथला कसबी फिटर प्रत्येक भाग कानस मारून शेजारच्या भागाला बेतून बसवायचा. मोठ्या संख्येने माल काढणाऱ्या कारखान्यात तो फिटर नव्हता. कोणताही भाग कोणत्याही इंजिनात बसला पाहिजे, अशी मापे नव्याने ठरवावी लागली. म्हणजे दिसायला सारख्या दोन मर्लिन इंजिनांत दोन वेगळ्या कारखानदारी संस्कृती दडलेल्या आहेत.

मर्लिनचा एक दोष एका बाईने दूर केला. विमानाने नाक खाली घालून सूर मारला की कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचा घोळ होऊन इंजिन क्षणभर गुदमरे. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनात इंधन थेट फवारले जाई, त्यामुळे ते सुटून जाई. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिआट्रिस शिलिंग यांनी इंधनाच्या वाटेत बसवायची, छोटेसे भोक असलेली धातूची चकती शोधून काढली. १९४१च्या सुरुवातीला विमानतळोविमानतळी जाऊन ती बसवली गेली. विमान सेवेतून काढून कारखान्यात परत पाठवावे लागू नये इतकी ती बसवायला सोपी होती. संग्रहालयाच्या कपाटात असली चकती ठेवली आणि शेजारी तिची हकिगत लिहिली नाही, तर येणाऱ्या माणसाला ती साधी वॉशर वाटेल.

इंजिन जपायचे म्हणजे त्याची हकिगत जपायची, हे माझे मत डर्बीत पक्के झाले. १९८१मध्ये ‘रोल्स-रॉइस हेरिटेज ट्रस्ट’ स्थापन झाला, त्याचा आधार आहे निवृत्त कामगार आणि अभियंते. ज्यांनी ही इंजिने जोडली, चाचणीला लावली, मोडल्यावर उघडली, तीच माणसे स्वेच्छेने येऊन ती पुसतात, जोडतात, त्यांच्याविषयी लिहून ठेवतात. डर्बीप्रमाणे ब्रिस्टललाही त्यांची शाखा आहे. कोणता नट आधी सोडायचा, कोणता सांधा कधी दगा देई, कोणत्या आवाजाला घाबरायचे, हे नकाशात नसते.

आपल्याकडे ओझर, कोरापुट, बंगळूर इथल्या कारखान्यांत आणि मुंबईच्या विमानतळावरच्या इंजिन-दुरुस्ती विभागांत आयुष्य घालवलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ कोणी ध्वनिमुद्रक घेऊन बसले पाहिजे, आणि ते आत्ताच बसले पाहिजे. हे मी फार कळकळीने लिहिते आहे.

जपणुकीचे काम दिसते त्यापेक्षा नाजूक असते. विमान-इंजिनात वजन वाचवण्यासाठी मॅग्नेशियमचे मिश्रधातू भरपूर वापरले जात. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम एकमेकांना टेकून बसले आणि हवेत दमटपणा असला, की मॅग्नेशियम पांढरी भुकटी होऊन झडू लागते. म्हणून आत गंजरोधक तेल फवारायचे, प्लगच्या जागी ओलावा शोषणाऱ्या कांड्या बसवायच्या, खोलीची हवा कोरडी ठेवायची. काही जेट इंजिनांच्या मॅग्नेशियममध्ये ताकदीसाठी थोरियम मिसळलेले असते. ते किंचित किरणोत्सर्गी असल्याने त्याला हात लावण्याचे, घासण्याचे वेगळे नियम पाळावे लागतात.

मग येतो सगळ्यांत अवघड प्रश्न : चालवायचे की नाही? चालवले तर आवाज, कंप, धूर, वास हे सगळे परत येते. पण दर वेळी मूळ भाग झिजतात, बदलावे लागतात, आणि काही वर्षांनी नावापुरतेच जुने इंजिन उरते. न चालवले तर धातू वाचतो, पण ते चालते कसे हे ओळखणारा कान नाहीसा होतो. माझा कल असा : जे एकमेव आहे ते चालवू नये, आणि ज्याचे दहा भाऊ शिल्लक आहेत त्यांतले एक तरी जरूर गरजू द्यावे.

कट-सेक्शन इंजिनांचेही तसेच आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती सर्रास असतात. कवच कापून, आतले भाग वेगवेगळ्या रंगांनी रंगवून ठेवलेली. एकदा कापलेले इंजिन पुन्हा कधीच चालणार नाही. तरीही मला ती प्रिय आहेत. बंद कवचाच्या दहा इंजिनांसमोरून लोक चालत पुढे जातात आणि कापलेल्या एका इंजिनासमोर थांबून बोट दाखवतात. तिथे वडील मुलाला समजावू लागतात. माहीत नसले तरी अंदाज करतात, आणि पुष्कळदा तो बरोबर निघतो.

डर्बीच्या इतिहासात एक काळा दिवसही आहे. ४ फेब्रुवारी १९७१ला रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी ‘आरबी२११’ हे तीन शाफ्टचे इंजिन करायला घेतले होते. पुढच्या पंख्याची पाती हलक्या कार्बन-तंतूंची करण्याचे ठरले होते, पण पक्षी आदळल्यावर काय होते याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. टायटॅनियमकडे परत यावे लागले आणि खर्च आवाक्याबाहेर गेला. सरकारने कंपनी ताब्यात घेतली. निवृत्त झालेल्या हूकरना परत बोलावले. १९७२मध्ये इंजिन प्रवासी सेवेत आले, आणि आज डोक्यावर लटकणारे ट्रेंट हे त्याच तीन-शाफ्ट घराण्यातले. या गावाला ते दिवाळे विसरायचे नाही, हे मला फार बरे वाटले. तुटलेली पाती, फुटलेली कवचे, फसलेले प्रयोग यांनाही संग्रहालयात जागा हवी. यशस्वी इंजिनाने आपल्याला फक्त उत्तर मिळते.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या मोटारीने आम्ही रग्बी आणि लटरवर्थकडे निघालो. रग्बी म्हटले की खेळ आठवतो, पण १२ एप्रिल १९३७ला इथल्या बीटीएच कंपनीच्या कारखान्यात फ्रँक व्हिटल यांनी आपले पहिले जेट इंजिन चालू केले. व्हिटल मूळचे कॉव्हेंट्रीचे, जन्म १९०७चा, हवाईदलात शिकाऊ म्हणून भरती होऊन अधिकारी झालेले. जानेवारी १९३०मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९३५मध्ये त्याच्या नूतनीकरणाला ५ पौंड हवे होते. हवाई मंत्रालयाने ते द्यायला नकार दिला, व्हिटल यांच्याजवळ नव्हते, आणि पेटंट सुटले. पुढच्याच वर्षी दोन जुन्या सहकाऱ्यांनी थोडे भांडवल जमवून ‘पॉवर जेट्स’ ही कंपनी काढून दिली.

त्यांची कल्पना कागदावर साधी दिसते. समोरून हवा घ्यायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे, तापलेल्या वायूने टर्बाइन फिरवायचे, त्याच शाफ्टवर दाबणारे चाक बसवायचे, आणि उरलेला वायू मागून वेगाने सोडायचा. दाबण्यासाठी त्यांनी मध्यापासून कडेकडे हवा फेकणारे चाक वापरले. पावसात सायकलच्या चाकावरून चिखल उडतो, तशी त्यातून हवा कडेला उडते आणि तिथल्या वाटांमध्ये कोंडून दाब चढतो. पहिल्याच दिवशी इंजिन हाताबाहेर गेले. व्हिटल यांनी इंधनाची तोटी बंद केली तरी वेग वाढतच राहिला, किंकाळीसारखा आवाज चढत गेला आणि आसपासची माणसे पळाली. गळून आत साचलेले इंधन जळत होते, हे नंतर कळले. साचलेले इंधन काढून टाकायची नळी बसवून तो दोष गेला.

स्फोटाच्या भीतीने काम पुढच्या वर्षी लटरवर्थला हलवले गेले, लेडीवुड नावाच्या बंद पडलेल्या ओतशाळेत. लटरवर्थ हे छोटे बाजाराचे गाव. बायबल इंग्रजीत आणण्यासाठी झगडलेला जॉन विक्लिफ इथल्याच चर्चचा धर्मगुरू होता. गावाच्या दक्षिणेला रस्त्याच्या चौकातल्या वर्तुळात ग्लॉस्टर ई.२८/३९ या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी केली आहे. खरे विमान मी लंडनच्या मुक्कामात तिथल्या दालनात छताखाली पाहिले होते. १५ मे १९४१ला क्रॅनवेलच्या धावपट्टीवरून गेरी सेयर यांनी ते १७ मिनिटे उडवले. इंजिनाचा रेटा होता सुमारे ३९० किलो. डर्बीतल्या ट्रेंटचा रेटा तीस टनांच्या घरात जातो.

खरे तर जेटचे पहिले उड्डाण जर्मनीत झाले होते. हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावर हाइन्केल विमान २७ ऑगस्ट १९३९लाच उडाले होते. दोघेही एकमेकांच्या नकळत त्याच उत्तरापाशी पोचले. लटरवर्थच्या छोट्या संग्रहालयात व्हिटल यांच्या कामाशी निगडित वस्तू आणि कागद आहेत, आणि ते स्वयंसेवक चालवतात. सगळ्यांत गंमत अशी की व्हिटल यांच्या इंजिनांपैकी ‘डब्ल्यू.१एक्स’ हे अमेरिकेत आहे. ऑक्टोबर १९४१मध्ये ते नकाशांसह तिकडे पाठवले, त्यावरून जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अमेरिकेचे पहिले जेट इंजिन केले, आणि वर्षभरात त्यांचे विमान उडाले. आज ते स्मिथसोनियनमध्ये आहे. व्हिटल यांचे कागद मात्र केंब्रिजच्या चर्चिल अभिलेखागारात. एका माणसाच्या कामाचा ठेवा असा तीन-चार गावांत विखुरला आहे. तो एकत्र पाहायचा तर असा प्रवासच करावा लागतो.

युद्धानंतर ही विद्या आणखी लांब गेली. ब्रिटनने १९४६मध्ये सोव्हिएत संघाला नीन आणि डरवेंट जातीची ५५ इंजिने विकली. त्यावरून त्यांनी आपले इंजिन केले आणि ते मिग-१५मध्ये बसवले. तेच नीन इंजिन भारतीय नौदलाच्या ‘सी हॉक’ विमानांत होते, जी १९७१च्या युद्धात विक्रांतवरून उडाली. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभे आहे. आणि ज्यांनी पूर्वी इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट, फोकर किंवा ॲव्हरो विमानांतून प्रवास केला आहे, त्यांच्या कानात डार्ट इंजिनाची ती चिरकी शिट्टी अजून असेल.

कॉव्हेंट्रीत आम्ही धावतच पोचलो. वाहन संग्रहालयासमोरच्या चौकात दोन मोठ्या पोलादी कमानी आहेत. त्यांना व्हिटल यांचे नाव दिले आहे आणि खाली त्यांचा आकाशाकडे पाहणारा पुतळा आहे, २००७मध्ये जन्मशताब्दीला उभारलेला. गावाबाहेर बॅगिंटनच्या विमानतळाशेजारी ‘मिडलंड एअर म्युझियम’ आहे. त्यातला एक भाग व्हिटल यांच्या नावाने जेटच्या इतिहासाला वाहिला आहे. बाहेर उघड्यावर मोठे व्हल्कन बॉम्बफेकी विमान वगैरे पाहायला मिळते. इंग्लंडच्या पावसात उघडी उभी विमाने पाहून मला मॅग्नेशियमची पांढरी भुकटी आठवली. छप्पर घालायला पैसा लागतो आणि तो बहुतेक संग्रहालयांजवळ नसतो.

या मुलुखातून एक धागा थेट आपल्याकडे येतो, तो म्हणजे ‘ऑर्फियस’. हूकर डर्बी सोडून ब्रिस्टलला गेले, तिथे त्यांनी हे हलके, कमी भागांचे जेट इंजिन केले. १९५७मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा इंजिन विभाग सुरू झाला तो हेच इंजिन परवान्याने बनवायला. तो मूळ कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने काढलेला. ऑर्फियस आधी ‘नॅट’ विमानात आले. मग जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांनी इथल्या अभियंत्यांसह ‘मारुत’ आखले, ते १७ जून १९६१ला पहिल्यांदा उडाले. त्याचा सांगाडा ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्यासाठी होता, पण तेवढ्या ताकदीचे इंजिन मिळेना. ऑर्फियसची जास्त ताकदीची आवृत्ती करायला ब्रिटिशांनी मागितलेला खर्च भारताने दिला नाही. इजिप्तमध्ये तयार होत असलेले इंजिन मारुतवर बसवून १९६७मध्ये उडवूनही पाहिले, तो प्रयत्नही पुढे सरकला नाही. साध्या ऑर्फियसच्या जोडीवरच मारुतने १९७१चे युद्ध लढले.

बंगळूरला जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर एचएएलचे संग्रहालय २००१पासून आहे आणि त्यात इंजिनांचे वेगळे दालन आहे. मुंबईकरांना तेवढे लांब जायचीही गरज नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मारुत ठेवले आहे. मुलांना घेऊन गेलात तर आधी त्यांना विमानाच्या मागच्या बाजूला न्या. तिथे शेजारी शेजारी दोन गोल तोंडे दिसतील. एका मोठ्या इंजिनाऐवजी दोन लहान का बसवावी लागली, इथून सांगायला सुरुवात करा.